पाच एकर, सात हजार डॉलर… आणि पाणी कुठाय?

या वेळचं पत्र लांब आहे, म्हणून थोडक्यात सांगते. पत्र लिहिणारा मूळचा लातूरचा, आता अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरशेजारी ऑरोरात राहतो, आयटीत आहे आणि काम घरूनच चालतं. बायको पुण्याची. मुलं दोन, नऊ आणि पाच वर्षांची. २०२१ च्या ३० डिसेंबरला मार्शल फायर नावाचा वणवा पेटला तेव्हा सुपीरियर गावातल्या ह्यांच्या मित्राचं घर एका दुपारीत गेलं. त्या दिवशी बोल्डर काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हा समज) हजाराहून जास्त घरं जळली, आणि ती काही जंगलातली नव्हती, साधी सोसायटीतलीच घरं होती. तेव्हापासून ह्याच्या डोक्यात एकच, की शहरापासून लांब आपली जमीन हवी, सोलर हवं, भाज्या-कोंबड्या हव्यात, उद्या काही झालंच तर आई-बाबांसकट सगळे तिथे जाऊन राहू. आता ह्याला कोस्टिला काउंटीत पाच एकर सापडलेत, सात हजार डॉलरला. महिन्याला दीडशेचा हप्ता, क्रेडिट चेक नाही. बाबा सत्तरचे, इन्सुलिनवर, एक स्टेंट बसलेला, आई-बाबा दोघं वर्षातले सहा महिने इथे असतात. बायको म्हणते तुला वेड लागलंय. आणि हा मला विचारतो, "मावशी, काउंटी होमस्टेडिंगला, म्हणजे स्वतःचं पिकवून राहायला, आणि इमर्जन्सीला कशी आहे? तुम्ही इतकी वर्षं त्या बाजूला राहिलात, स्पष्ट सांगा."

अरे बाळा, स्पष्टच सांगते. पहिली गोष्ट म्हणजे ते कोस्टिला नाही, कोस्तीया म्हण. स्पॅनिश नाव आहे, आणि तिथल्या ऑफिसात फोन करून 'कोस्टिला' म्हणालास की समोरचा मनात म्हणतो आला आणखी एक इंटरनेटवरून जमीन घेणारा. माझंही हेच झालं होतं. डोंगराच्या अलीकडे आमची वेरफानो काउंटी, लिहायचं एक आणि म्हणायचं भलतंच, आणि मी पहिलं वर्षभर 'ह्युअरफानो' म्हणत फिरले, कोणी सुधारलं पण नाही.

दुसरं म्हणजे तुझ्या तीन पानी पत्रात सोलर पॅनेलचे वॉट आहेत, बॅटरीचे अँपिअर आहेत, कोंबड्यांची जात आहे, बंदुकीबद्दल पण प्रश्न आहे, आणि पाणी हा शब्द फक्त एकदा येतो, "पाण्याचं बघू नंतर" म्हणून. लातूरचा माणूस हे लिहितो? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या टँकर वॅगननी पाणी आणलं होतं ना तुमच्याकडे, पहिल्या फेरीला पाच लाख लिटर, तेव्हा तू तिथे नसशील पण आई-बाबा असतील, त्यांना विचार घागर-कळशीच्या रांगा कशा होत्या. आणि लातूरला वर्षाला सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो हे लक्षात घे. तू जिथे जमीन बघतोयस ती सॅन लुईस व्हॅली, तिथे अलामोसाला वर्षभरात सात इंच, म्हणजे १८० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यात बर्फ पण धरलाय. गंमत म्हणजे तो जुलै-ऑगस्टमध्ये पडतो त्याला तिथले लोक पण मान्सूनच म्हणतात. म्हणू देत.

आता तू म्हणशील बोअर मारू. थांब. कोलोरॅडोत तुझ्या जमिनीखालचं पाणी तुझं नसतं, हे आधी डोक्यात घट्ट बसव. इथे ज्याचा हक्क आधीचा त्याला पाणी आधी, मग दुसऱ्याला, मग उरलं तर तिसऱ्याला. साध्या घरगुती विहिरीला पण राज्याच्या जलसंपदा खात्याचा परवाना लागतो, आणि ह्यात ३५ हा आकडा फार महत्त्वाचा आहे. ३५ एकर किंवा जास्त असेल तर साधारणपणे असा परवाना मिळतो की घरात वापरा, एक एकरापर्यंत बाग भिजवा, गुरांना पाजा. पाच एकराच्या प्लॉटला, मिळालाच तर, बहुतेक वेळा फक्त घराच्या आतलं पाणी. आतलं म्हणजे आतलंच बरं का, स्वयंपाक, आंघोळ, संडास. बाहेर नळी लावून वांग्यांना पाणी घालायचं नाही, शेळीला पण त्या विहिरीचं पाणी पाजायचं नाही. मग तुझं होमस्टेडिंग कशावर करणार आहेस? आणि परवाना मिळाला म्हणजे पाणी लागलं असंही नाही. आम्ही २००९ ला ३७ एकर घेतले तेव्हा जमीन दाखवणारा म्हणाला होता शेजाऱ्याला दोनशे फुटांवर लागलंय. आमचं पहिलं भोक चारशे वीस फूट कोरडं ठणठणीत, दुसरं साडेपाचशेच्या पुढे गेलं तेव्हा मिनिटाला दोन गॅलन, आणि कोरड्या भोकाचे पैसे पण फुटावर द्यावेच लागतात. आमचे हे त्या रात्री जेवले नाहीत. नंतर कळलं की तो 'शेजारी' चार मैलांवरचा होता, आणि गंमत म्हणजे जुन्या विहिरींचे रेकॉर्ड राज्याच्या साइटवर फुकट बघता येतात, किती फूट, किती पाणी, सगळं. आम्ही बघितलं नव्हतं.

छपरावरचं पाणी धरू म्हणशील तर तिथे पण नियम आहेत, आणि हे ऐकून माझ्या बहिणीला फोनवर खरंच वाटेना. २०१६ पर्यंत सर्वसाधारण घराला पावसाचं पाणी पिंपात धरणं सुद्धा बेकायदा होतं, त्या वर्षीच्या कायद्याने दोन पिंपं चालतात, दोन्ही मिळून ११० गॅलन, म्हणजे सव्वाचारशे लिटरला थोडं कमी. ज्याला विहिरीचा घरगुती परवाना मिळू शकतो अशा ग्रामीण घराला वेगळा परवाना काढून छपराचं जास्त पाणी धरता येतं, हे खरं. पण गणित कर ना. हजार स्क्वेअर फुटाचं छप्पर, सात इंच पाऊस, एक थेंब वाया न घालवता साडेसोळा हजार लिटर. तुम्ही चौघं, माणशी पन्नास लिटर धरलं, ते पण काटकसरीत, तरी रोजचे दोनशे. ऐंशी-ब्याऐंशी दिवसांत टाकी रिकामी, आणि आई-बाबा आले की त्याहून आधी.

मग उरतं काय, तर गावातून पाणी वाहून आणणं, आणि तिथल्या मेसावर, म्हणजे उंच सपाट पठारावर, कित्येक लोक तेच करतात. प्लास्टिकची ती पिंजऱ्यातली चौकोनी टाकी असते, २७५ गॅलनची. भरली की पाण्याचंच वजन एक टनाच्या वर जातं. तुझा पिकअप कुठलाय ते तू लिहिलं नाहीस पण साधा अर्ध्या टनाचा असेल तर भरलेली टाकी मागे ठेवू नकोस, स्प्रिंगा बसतील, ट्रेलर लागेल. ती एक टाकी तुम्हाला चौघांना पाच दिवस. आता भाजी. एक गुंठा भाजीला उन्हाळ्यात आठवड्याला इंचभर पाणी धर, ते झालं अडीच हजार लिटर. म्हणजे नुसत्या एका गुंठ्याला आठवड्याला अडीच टाक्या, कच्च्या रस्त्यावरून, आणि तुझे आहेत दोनशे गुंठे. बाकीचे १९९ गुंठे काय, नुसते बघायचे. संध्याकाळी ब्लांका शिखरावर ऊन पडतं ते बघायला फार सुंदर आहेत, ते मात्र मी नाकारणार नाही.

थंडीबद्दल थोडक्यात, कारण ऑरोरात राहून तुला वाटतं तुला थंडी माहिती आहे. व्हॅलीचा तळ साडेसात हजार फुटांवर, तुझा प्लॉट बहुतेक आठ हजाराच्या आसपास असेल. भोवती डोंगर, रात्री थंड हवा खाली उतरून साचते. जानेवारीत रात्री शून्य फॅरेनहाइटच्या खाली जाणं हे तिथे नेहमीचं, उणे वीस-तीस पण होतं. पाइप जमिनीत चार-पाच फूट खाली नसेल तर गेला. आणि शेवटचं गोठलेलं दव जूनच्या सुरुवातीला, पहिलं सप्टेंबरच्या सुरुवातीला, मध्ये जेमतेम नव्वद-शंभर दिवस. भेंडी, तूर, वाल विसर. टोमॅटो पॉलिटनेलमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या बोगद्यात. पण बटाटा म्हणशील तर सोनं, ही व्हॅली बटाट्यासाठी प्रसिद्धच आहे, आणि बार्ली, वाटाणा, मुळा, पालक, मेथी तर इतकी छान येते की मी आमच्याकडे जुलैत मेथीच्या जुड्या वाटायचे. तिथली एक छोटी गोल घेवड्यासारखी शेंग आहे, बोलीता म्हणतात, तिच्या दाण्यांची उसळ गोडा मसाला घालून करून बघ. फक्त कुकर हवाच, तिथे पाणी ९२ डिग्री सेल्सिअसलाच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजवायला लागलास तर संध्याकाळ होईल.

मातीचं: बऱ्याच ठिकाणी आपल्या चोपण जमिनीसारखी, क्षार वर आलेले. नुसतं ग्रीसवूडचं झुडूप दिसत असेल तर समज. सरकारचा माती-नकाशा ऑनलाइन फुकट आहे, प्लॉटवर चौकोन काढायचा, अहवाल येतो. अर्ध्या तासाचं काम आहे, तू अजून केलं नाहीस ह्याचा मला जास्त राग आला.

आता कागद. तुझे सात हजार, हप्ता, क्रेडिट चेक नाही, हे वाचून माझ्या छातीत धस्स झालं. सगळेच फसवतात असं नाही. पण हप्त्याच्या व्यवहारात बहुतेक वेळा शेवटचा हप्ता फिटेपर्यंत नाव विकणाऱ्याचंच राहतं, दोन हप्ते चुकले की जमीन पण गेली आणि पैसे पण. आपण गावाकडे सातबारा, फेरफार, चतु:सीमा बघितल्याशिवाय कोणाला इसार देत नाही, इथे तर स्क्रीनवर ड्रोनचा व्हिडिओ बघून कार्ड काढतो. टायटल कंपनीकडून, म्हणजे मालकीचे कागद तपासणाऱ्यांकडून, तपासणी करून घे, मागचा टॅक्स थकलाय का बघ, क्विटक्लेम डीडवर देत असेल तर त्याचा अर्थ एवढाच की माझा जो काही हक्क असेल तो तुला दिला, असेलच असं मी म्हणत नाही. खालच्या खनिजांचा हक्क बरेचदा आधीच कोणीतरी वेगळा काढून ठेवलेला असतो, ते पण विचार. आणि रस्ता! ह्या काउंटीत १९७० च्या दशकात हजारो पाच-पाच एकरी प्लॉट कागदावर पाडले, नकाशावर रस्ते आखले, रस्त्यांना नावं दिली, प्रत्यक्षात जाऊन बघशील तर काही ठिकाणी दोन चाकोऱ्या आणि काही ठिकाणी त्या पण नाहीत. कागदावर वहिवाट आहे, पण बर्फ कोण काढणार? बहुतेक तूच.

आणि 'आधी आरव्ही नेऊन ठेवू, हळूहळू बांधू' असं, म्हणजे चाकांवरच्या घरात राहायचं, जे तू लिहिलंयस ते तिथे चालत नाही. सेप्टिकचा परवाना, पाण्याची सोय, हे दाखवल्याशिवाय काउंटी कायम राहू देत नाही, २०१५ च्या सुमाराला ह्यावरूनच नवीन आलेल्या ऑफ-ग्रिड लोकांचं आणि काउंटीचं चांगलंच वाजलं होतं. लोक म्हणत होते आमची जमीन, आम्ही कसेही राहू. काउंटी म्हणत होती साडेतीन हजार लोकवस्तीची आमची काउंटी, तुमचा मैला, तुमचा कचरा, तुमच्या ॲम्ब्युलन्स आम्ही कुठून निस्तरायच्या. मला दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटतात, पण दंड तुला भरावा लागेल, मला नाही. पहिला डॉलर द्यायच्या आधी काउंटीच्या लँड यूज ऑफिसला प्लॉटचा नंबर सांगून विचार, की ह्या प्लॉटवर राहायला मला कोणकोणते परवाने लागतील, आणि उत्तर ईमेलने घे.

कुंपणाचं पण सांगते, ह्यात आपले लोक हमखास फसतात. कोलोरॅडोत दुसऱ्याची गुरं तुझ्या वाफ्यात शिरली तर कुंपण नीट नसल्याचा दोष तुझ्यावर. गुरं बाहेर ठेवायची जबाबदारी वाफेवाल्याची. उलटंच आहे, पण आहे.

बरं, आता तुझा खरा प्रश्न, इमर्जन्सी. तुझ्या पत्रातली इमर्जन्सी म्हणजे ग्रिड कोलमडली, दुकानं रिकामी, हायवेवर झुंबड, आणि तू कुटुंबाला गाडीत घालून डोंगरापलीकडे. असं होईल का नाही मला माहीत नाही, पण ऑरोराहून सॅन लुईस गाव सव्वादोनशे मैल, रस्ता मोकळा असताना चार तास धर, आणि मध्ये ला व्हेटा पास ही खिंड आहे, साडेनऊ हजार फुटांना थोडाच कमी. २०१८ च्या जून अखेरीस स्प्रिंग क्रीक फायर लागली तेव्हा हाच हायवे १६० बंद होता. ती आग सुरू कुठून झाली माहितीये? फोर्ट गार्लंडच्या बाजूला, तुझ्याच काउंटीत. एक लाख आठ हजार एकर जळालं, शंभराहून जास्त घरं गेली, झाडीतली फोर्ब्स पार्कची वस्ती होत्याची नव्हती झाली. म्हणजे आगीला घाबरून तू जिथे चाललायस, तिथे आग आधीच येऊन गेलीय. अर्थात मेसावरच्या उघड्या प्लॉटला झाडीतल्या घराइतका धोका नाही, हे पण खरं, पण तिथे वारा आहे, सुकं गवत आहे, हायड्रंट नाही, आणि बंब येतो तो गावच्या स्वयंसेवकांचा, त्यातला कोणी बटाट्याच्या शेतात असतो, कोणी शाळेची बस चालवत असतो.

त्या आगीत आम्हाला पण निघायला सांगितलं होतं. तेव्हा आमच्याकडे तयारी होती बरं का, दोन पिंपं तांदूळ-डाळ, जनरेटर, कंदील, सगळं. निघताना मी काय घेतलं सांगू? देवातला बाळकृष्ण, पासपोर्टची पिशवी, आणि कैरीच्या लोणच्याची बरणी. ह्यांच्या बीपीच्या गोळ्या राहिल्या. दोन दिवस प्युब्लोत मोटेलात बसून डॉक्टरला फोन करत होते, आणि लोणचं कोणाला खावंसं वाटेना. म्हणून माझा सल्ला असा की बाबांचं इन्सुलिन, त्याची थंड पिशवी, पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि प्रिस्क्रिप्शनची कॉपी हे दाराजवळ एका पिशवीत, आणि ती पिशवी भरायला कोस्तीयात जमीन लागत नाही, आज संध्याकाळी ऑरोरातच होईल.

बाबांबद्दल आणखी. स्टेंटवाला सत्तरीचा माणूस आठ हजार फुटांवर महिनोन्महिने ठेवायचा का, हे कार्डिओलॉजिस्टला विचार, मला नाही. पण अंतर मी सांगू शकते. सॅन लुईस गावातून हॉस्पिटल अलामोसाला, चाळीस मैलांच्या वर, चांगल्या दिवशी पाऊण तास. तुझा प्लॉट गावात नाही, मेसावर आहे, तिथून डांबरी रस्त्याला यायलाच वीस मिनिटं धर. आणि मोठं काही निघालं तर हेलिकॉप्टरने प्युब्लो किंवा डेन्व्हर, म्हणजे तू जिथून निघालास तिथेच परत. माझ्या बघण्यात तिथल्या बहुतेक इमर्जन्सी अशाच असतात रे, छातीत कळ, लाकडं फोडताना पायावर कुऱ्हाड, उणे वीसला पंप गोठणं, ट्रेलर चिखलात रुतणं, मार्च-एप्रिलच्या वादळी वाऱ्यात सोलर पॅनेल उडून शेजारच्याच्या कुंपणात.

ग्रिडचं म्हणतोस तर एक गोष्ट तुझ्या बाजूची पण सांगते. त्या व्हॅलीत वीज बाहेरून येते ती मुख्यतः उत्तरेकडून, पोंचा पासवरून, एकाच वाटेने. दुसरी लाइन ला व्हेटा पासच्या बाजूने टाकायचा प्रस्ताव होता, मोठ्या रँचच्या मालकाने विरोध केला, पुढे ते बारगळलं. त्यामुळे तिथे स्वतःचं सोलर असणं ही हौस नाही, शहाणपण आहे, आणि ऊन तर इतकं आहे की व्हॅलीत मोठमोठे सोलर प्लांट उभे राहिलेत. तुझं सोलरचं गणित बरोबर आहे. फक्त बॅटरी थंडीत कुठे ठेवणार ते त्यात नाहीये. लिथियम बॅटरी गोठणबिंदूखाली चार्ज करायची नसते. आणि घर फक्त विजेवर गरम करायचं स्वप्न बघू नकोस, लाकडाची शेगडी घे, पिन्यन म्हणजे तिथला छोटा पाइन, त्याचं लाकूड झकास जळतं, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लाव आणि जनरेटर घरापासून वीस फूट तरी लांब ठेव.

एवढं सगळं वाचून तुला वाटेल मावशी म्हणतेय जाऊच नको. तसं नाही. त्या काउंटीवर माझा जीव आहे. सॅन लुईस हे कोलोरॅडोतलं सगळ्यात जुनं टिकून राहिलेलं गाव, १८५१ चं. दक्षिणेकडून आलेली स्पॅनिश बोलणारी कुटुंबं, आल्याबरोबर पुढच्याच वर्षी त्यांनी पाट खणला, पीपल्स डिच, १८५२, आणि राज्यातला आजही चालू असलेला सगळ्यात जुना पाण्याचा हक्क तो. अशा पाटांना ते असेकिया म्हणतात. वसंतात सगळे मिळून पाट साफ करतात, पाण्याची पाळी ठरते, आणि पाळ्या सांभाळणारा माणूस असतो, मायोर्डोमो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं हा तर आपला पाटकरी! धुळ्याकडे पांझरेवर फड पद्धत आहे ना, बंधारा, पाट, फड, पाटकरी पाणी देतो आणि कोणी मध्येच फोडून घ्यायचं नाही, अगदी तसंच. माझं माहेर साक्रीकडचं, त्यामुळे मला तिथे पाटाच्या कडेला बसून भाकरी सोडावीशी वाटायची.

म्हणजे एकाच काउंटीत दोन वेगळ्या काउंट्या आहेत असं समज. एक खाली, कुलेब्रा नदीच्या बाजूला, पाटाच्या काठची, लांब अरुंद पट्ट्यांची, जिथे जमिनीबरोबर पाण्याचा वाटा येतो. तिथे दीडशे वर्षांहून जास्त माणसं पिकवून खातायत, मका भट्टीत भाजून वाळवतात त्याला चिकोस म्हणतात, वर्षभर टिकतो. ह्यापेक्षा जास्त इमर्जन्सीची तयारी कुठली असते? डोंगरावर सरपण तोडायचा, गुरं चारायचा त्यांचा हक्क एका बाहेरच्या मालकाने १९६० मध्ये बंद केला होता, तेव्हा ही माणसं चाळीस वर्षं कोर्टात भांडली आणि २००२ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने हक्क परत दिला. आणि दुसरी काउंटी वर मेसावर, पाच एकराच्या चौकोनांची, ऑनलाइन विकली जाणारी. तुला दाखवली ती दुसरी. स्वस्त का आहे ते आता कळलं असेल.

पाटाखालची जमीन सात हजारात पाच एकर मिळणार नाही, आणि विकायला पण कमीच निघते, लोक आपसात देतात. पण तुला खरंच ह्या काउंटीत जायचं असेल तर शोधायची ती. पाच एकर नको, दोन एकर घे, पण पाण्याच्या वाट्याचा कागद स्वतंत्र बघ, हक्क किती जुना, कोरड्या वर्षी किती दिवस पाणी मिळालं, २००२ आणि २०१८ ह्या कोरड्या सालांत काय झालं हे शेजारच्या म्हाताऱ्याला विचार. विक्रेत्याला नको. किंवा ३५ एकराच्या वर जा, जिथे जुन्या विहिरीचं रेकॉर्ड आहे, चालू विहीर असलेलं जुनं घर मिळालं तर फारच उत्तम. घराचा विमा मिळतो का ते पण सही करायच्या आधी, कारण आगीच्या पट्ट्यात कंपन्या नाही म्हणतात. २०२३ ला राज्याने कायदा करून कोणीच विमा देईना अशांसाठी एक शेवटचा मार्ग काढलाय, पण शेवटच्या मार्गावर भिस्त ठेवून घर बांधू नये.

काउंटीचा स्वतःचा आपत्तीचा आराखडा असतो, फेमाच्या, म्हणजे केंद्राच्या आपत्ती खात्याच्या, नियमाने दर पाच वर्षांनी नवा करतात, तो वाच, त्यात सगळं लिहिलेलं असतं, कुठला पूल वाहून जातो, कुठल्या वस्तीला एकच रस्ता आहे. फेमाच्या वेबसाइटवर काउंटीनुसार धोक्यांचा नकाशा पण आहे. हे सगळं फुकट. तू बंदुकांच्या व्हिडिओवर जेवढा वेळ घालवलायस त्याच्या पावपटीत होईल. बंदुकीच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही, घरात पाच वर्षांचं पोर आहे, एवढंच म्हणते.

आता सुनबाईचं. तिला वेडी ठरवू नकोस, तुझ्या पत्रातला सगळ्यात शहाणा प्रश्न तिचाच आहे, "मुलं शाळेला कुठे जाणार?" अख्ख्या काउंटीत दोन छोटे शाळा-जिल्हे, सॅन लुईसला एक आणि ब्लांका-फोर्ट गार्लंडला एक. मेसावरून बस किती लांब येते ते विचारावं लागेल. छोटी शाळा वाईट असते असं नाही, आमच्या बाजूची पोरं छान शिकली, पण वर्गात बारा मुलं आणि मराठी बोलणारं कोणी नाही, हे तिने आणि मुलांनी आधी अनुभवलं पाहिजे. म्हणून जमीन घेऊ नका, भाड्याने राहा. आणि उन्हाळ्यात नको रे, उन्हाळ्यात कोणीही प्रेमात पडेल. जानेवारीचे शेवटचे दोन आठवडे अलामोसात किंवा सॅन लुईसमध्ये घर भाड्याने घ्या, तुझं काम घरूनच आहे ना, मग बघ सकाळी गाडी चालू होते का, इंटरनेट टिकतं का, तूरडाळ संपली की काय वाटतं. मग परत मार्च-एप्रिलमध्ये एक आठवडा, ते धुळीचे वारे खायला. त्या दोन फेऱ्यांनंतर सुनबाई हो म्हणाली तर मला पुन्हा लिही, मी स्वतः येऊन पाट दाखवीन.

तोपर्यंत ऑरोरात चौदा दिवसांचं कर. माणशी रोज एक गॅलन, चौघांचे चौदा दिवसांचे ५६ गॅलन, गॅरेजमध्ये दोन-चार पिंपांत मावतात, पण गॅरेज गोठत असेल तर पिंपं पूर्ण भरू नका. तांदूळ, डाळ, पोहे, रवा, आपल्या घरात असतंच. गॅसची छोटी शेगडी, ती पण बाहेर वापरायची. काउंटीच्या अलर्टला दोघांचे फोन नोंदवा, मार्शल फायरच्या वेळी कित्येकांना वेळेत मेसेजच मिळाला नव्हता. आणि एका शनिवारी मेन स्विच बंद करून चोवीस तास राहून बघा, मुलांना मजा वाटेल, तुला कळेल काय काय विसरलास.

त्या सात हजारवाल्याला आज एवढाच मेसेज टाक: "विहिरीच्या परवान्याचा नंबर द्या." नुसता तेवढाच. तीन दिवस वाट बघ आणि काय उत्तर येतं ते मला कळव.

आणि जानेवारीत त्या बाजूला येणार असशील तर ऑरोराच्या दुकानातून कढीपत्ता आणि ओलं खोबरं आण, इकडे मिळत नाही.

— मावशी